सीमेवरून : बक्षीस छापून येतं, नफ्याचं काय?

बेळगावच्या टिळकवाडीत आज लॉटरीचं तिकीट मिळत नाही. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी सरसकट बंद केली. नशीब अजमावायचंच असेल, तर बेळगावकराला चंदगड तालुक्यातलं शिनोळी जवळ, निपाणीकराला कागल. वेस ओलांडली की तिकीट कायदेशीर. (मटक्याला वेस ओलांडावी लागत नाही, ही गोष्ट वेगळी.)

महाराष्ट्राने १२ एप्रिल १९६९ रोजी राज्य लॉटरी सुरू केली, ती या मटक्यालाच शह म्हणून. हेतू चांगला होता. पण पैशाचं पुढे काय? १९९८चा केंद्रीय कायदा एवढंच सांगतो, की तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या खात्यात जमा व्हावी. मुदतीत कुणी न नेलेलं बक्षीसही सरकारचंच. ती रक्कम कुणासाठी खर्चावी, यावर कायदा गप्प आहे. म्हणून निकालपत्रकात शेवटच्या अंकापर्यंत बक्षिसं छापून येतात. उरलेल्या पैशातून दवाखान्यात खाट आली की साहेबांच्या बंगल्याला रंग लागला, हे तिकीट घेणाऱ्या हमालाला किंवा रिक्षावाल्याला कळायची सोय नाही.

केरळने ही सोय केली. २०११ मध्ये तिथे ‘कारुण्य’ लॉटरी निघाली आणि तिचा नफा गरिबांच्या कर्करोग, हृदय व मूत्रपिंडाच्या उपचारांना जोडला गेला. तिकीट फुकट गेलं तरी पैसा कुठे गेला, हे माहीत!

पण नफ्याला नुसतं चांगल्या कामाचं नाव दिल्यानेही न्याय होत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये लॉटरीच्या पैशातून गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं ते असं : तिकिटांचा भार गरिबांवर जास्त आणि शिष्यवृत्त्यांत खात्यापित्या घरांचा वाटा मोठा.

सीमाभागात तर गुंता आणखी वाढतो. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईने कागलला तिकीट घेतलं, तर नफा मुंबईच्या तिजोरीत. आजारी पडली की ती दारात उभी बेंगळुरूच्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. तो वाद चालू राहील. तोवर महाराष्ट्राने राज्य लॉटरीच्या नफ्याचा ठरावीक वाटा याच योजनेच्या नावे टाकावा आणि किती आले, किती रुग्णांवर खर्च झाले, हे दरवर्षी निकालपत्रकाइतक्याच ठळक अक्षरांत छापावं.

— टिळकवाडीकर