विश्लेषण : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी साखर किती असावी? डॉक्टरांना ‘नियंत्रित’, विम्याला ‘अनियंत्रित’ मधुमेह का हवा?

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया ठरते, रक्ततपासणीचा अहवाल येतो आणि तारीख पुढे जाते. मधुमेह असलेल्या अनेक रुग्णांचा हा अनुभव आहे. ‘आधी साखर खाली आणा, मग बघू,’ असे डॉक्टर सांगतात. दुसरीकडे, आरोग्य विम्याच्या प्रमाणित कलमात एका वजनगटातील रुग्णांना खर्च मिळण्यासाठी ज्या आजारांची यादी आहे, त्यात ‘अनियंत्रित टाइप-२ मधुमेह’ असे शब्द आहेत. साखर उतरवली तर दावा अडकेल का आणि नाही उतरवली तर शस्त्रक्रिया अडकेल का, या कात्रीत रुग्ण सापडतो. शस्त्रक्रियेआधीच्या साखरेचा हा हिशेब समजून घेऊ.

ही शस्त्रक्रिया वजनाची की मधुमेहाची?

दोन्हींची. जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणे (स्लीव्ह) किंवा जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे (बायपास), या बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियांच्या दोन प्रमुख पद्धती. या शस्त्रक्रियांनंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमध्ये बदल होतो आणि खाणेही एकदम कमी होते. त्यामुळे अनेक रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. २०१६ मध्ये जगभरातील ४५ वैद्यकीय संघटनांनी या शस्त्रक्रियेला टाइप-२ मधुमेहाच्या उपचारात स्थान द्यावे, अशा संयुक्त निवेदनाला पाठिंबा दिला.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याहून कमी ठेवू शकलेल्यांचे प्रमाण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्या गटात ५ टक्के होते. या चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णांचा सुरुवातीचा सरासरी एचबीए१सी ९.२ टक्के होता. म्हणजे ज्या अभ्यासावर या उपचाराची भिस्त आहे, त्यातील अनेक रुग्णांची साखर आज ‘तारीख पुढे ढकला’ म्हणावे इतकी होती.

मग आधी साखर उतरवायची कशासाठी?

शस्त्रक्रियेचा दिवस आणि त्यानंतरचे काही दिवस सुरक्षित जावेत म्हणून. साखर बरीच जास्त असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गाचा धोका वाढतो. जास्तीची साखर लघवीवाटे जाताना शरीरातील पाणीही ओढून नेते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घोट घोट पाणी पीत असताना हे परवडत नाही. शस्त्रक्रियेचा ताण स्वतःच साखर वाढवतो. उलटी होऊ नये म्हणून दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही त्यात भर घालते. सुरुवातच वरच्या पातळीवर झाली, तर पुढचे सगळे सांभाळणे अवघड होते.

नेमका आकडा किती?

जगभर एकच आकडा नाही. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञ, स्थूलतातज्ज्ञ आणि बॅरिअ‍ॅट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी २०१९ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यानुसार शस्त्रक्रियेआधी एचबीए१सी ६.५ ते ७ टक्के किंवा कमी, उपाशीपोटी साखर ११० आणि जेवणानंतर दोन तासांनी १४० मिलिग्रॅमपर्यंत असावी. मधुमेह जुना असेल, डोळे, मूत्रपिंड किंवा हृदयावर परिणाम झाला असेल, तर ७ ते ८ टक्केही चालतात. ८ टक्क्यांच्या वर असलेल्या रुग्णाबाबत निर्णय डॉक्टरांच्या विवेकावर सोडला आहे. सरसकट ‘थांबा’ असे तिथे म्हटलेले नाही.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशन कोणत्याही नियोजित शस्त्रक्रियेसाठी ‘शक्य असेल तेव्हा’ ८ टक्क्यांखाली आणि शस्त्रक्रियेच्या आसपासच्या तासांत १०० ते १८० मिलिग्रॅम साखर सुचवते. ब्रिटनमध्ये साधारण ८.५ टक्क्यांची मर्यादा धरली जाते. तेव्हा एका रुग्णालयाने ७ आणि दुसऱ्याने ८ म्हटले, तर त्यांपैकी एक चुकीचे असेलच असे नाही.

एचबीए१सीवर कितपत विसंबायचे?

तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ही तपासणी सांगते. पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ टक्के म्हणजे १८३ आणि ९ टक्के म्हणजे २१२ मिलिग्रॅम साखर. मात्र ही साधी सरासरी नव्हे. त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सुमारे निम्मा असतो. त्यामुळे चार ते सहा आठवड्यांच्या प्रयत्नांतही आकडा चांगला हलतो, पण शेवटच्या आठवड्यातील पथ्याने तो फारसा बदलत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकलसेल, थॅलेसेमियासारखे रक्तदोष असतील किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तरी आकडा फसवा ठरतो. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील रुग्णांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन कमी असेल, तर घरच्या ग्लुकोमीटरवरील नोंदी किंवा मागच्या दोन-तीन आठवड्यांचे चित्र सांगणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी यांची जोड घ्यावी लागते.

साखर झपाट्याने उतरवण्यातही एक धोका आहे. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच परिणाम झालेल्या रुग्णांत तो विकार काही काळ बळावू शकतो. म्हणून जुन्या मधुमेहींनी पडद्याची तपासणी आधी करून घेणे चांगले.

शस्त्रक्रियेआधीच्या आहारात जोखीम कुठे?

अनेक शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेआधी दोन ते चार आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा, बहुतांशी द्रव आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावर येतो. तो चरबीने फुगलेला असेल तर दुर्बिणीतून काम करताना अडथळा होतो. आहाराने यकृत आकसते आणि साखरही उतरते.

जेवण निम्म्यावर आले आणि औषधे पूर्वीइतकीच राहिली, तर मात्र साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड गटातील गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक. त्यामुळे आहार सुरू होण्याआधीच नवा डोस लिहून घ्यायला हवा. थरथर, घाम, धडधड जाणवली आणि साखर ७० च्या खाली असेल, तर सुमारे १५ ग्रॅम म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ‘आता पथ्य आहे’ म्हणून अशा वेळी साखर टाळणे घातक ठरते.

कोणते औषध कधी थांबते?

सर्वांत जास्त सावधगिरी हवी ती ‘ग्लिफ्लोझिन’ गटाच्या गोळ्यांबाबत. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यातली परिचित नावे. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. पण उपास, द्रव आहार आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीने त्या घेतल्या, तर रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात. अशा वेळी ग्लुकोमीटरवरची साखर जवळपास सामान्य दिसू शकते. मळमळ, उलटी, पोटदुखी, जोरात श्वास ही लक्षणे शस्त्रक्रियेनंतरच्या नेहमीच्या त्रासासारखीच भासतात आणि निदान हुकते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस, तर एर्टुग्लिफ्लोझिन किमान चार दिवस आधी थांबवण्याची सूचना दिली. आधी द्रव आहार असेल तर त्या आणखी लवकर, आहार सुरू होतानाच बंद करायच्या का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवे. मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनसोबतच्या एकत्रित गोळीत हे औषध दडलेले असते. त्यामुळे केवळ गोळीचे नाव सांगून भागत नाही, पाकिटावरचे घटक दाखवावे लागतात.

दुसरा गट आठवड्याच्या इंजेक्शनांचा. माउंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आले. ही औषधे जठर रिकामे होण्याची गती मंदावतात. भूल देताना जठरात अन्न असेल तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवडाभर आधी इंजेक्शन थांबवण्याचे सुचवले होते. ऑक्टोबर २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनात ती भूमिका सौम्य झाली. बहुतेकांनी औषध चालू ठेवता येईल, मात्र जोखीम जास्त असलेल्यांना २४ तास द्रव आहार द्यावा, असे त्यात म्हटले आहे. अर्थात, भूलतज्ज्ञांना इंजेक्शनची शेवटची तारीख सांगणे आवश्यकच. मेटफॉर्मिन सहसा शस्त्रक्रियेच्या दिवशी देत नाहीत. दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा डोस कमी करतात, पण ते स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचे नसते.

विम्याला ‘अनियंत्रित’ मधुमेह का हवा?

विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसींतील वगळणुकीची कलमे प्रमाणित केली. त्यातील सहावे कलम स्थूलतेचे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून हवी, रुग्णाचे वय किमान १८ हवे आणि बीएमआय ४० किंवा अधिक हवा. बीएमआय ३५ किंवा अधिक असेल तर सोबत स्थूलताजन्य हृदयस्नायूविकार, हृदयधमनीविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा अनियंत्रित टाइप-२ मधुमेह यांपैकी एक हवा. तेही वजन घटवण्याचे सौम्य उपाय अपयशी ठरल्यावर. म्हणजे हा पेच मुख्यतः ३५ ते ४० बीएमआय असलेल्या मधुमेहींचा आहे.

कलमात एचबीए१सीचा आकडा दिलेला नाही. ‘अनियंत्रित’ म्हणजे कधी आणि किती, हे स्पष्ट नाही. ही अट शस्त्रक्रियेची गरज सिद्ध करण्यासाठी आहे, तर डॉक्टरांचा आकडा शस्त्रक्रिया सुरक्षित होण्यासाठी. एक प्रश्न मागच्या काही वर्षांचा आहे, दुसरा पुढच्या काही दिवसांचा. दोन्ही एकाच रुग्णाबाबत एकाच वेळी खरे असू शकतात. पण शेवटच्या महिन्यात इन्सुलिन वाढवून साखर ७.५ टक्क्यांवर आणलेल्या रुग्णाच्या फायलीत फक्त तोच अहवाल असेल, तर वाद उभा राहू शकतो. म्हणून जुने एचबीए१सी अहवाल, वाढत गेलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, आहारतज्ज्ञांकडील नोंदी जपून ठेवणे आणि मधुमेहतज्ज्ञांकडून उपचारांचा कालक्रम लिहून घेणे हा मार्ग आहे. दाव्यासाठी साखर मुद्दाम चढी ठेवणे हा मार्ग नव्हे. मधुमेह पॉलिसी घेण्यापूर्वीचा असेल, तर कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळही लागू होऊ शकतो.

अंतर इतकेच नाही. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून या शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे म्हटले. उंची १६० सेंटिमीटर असलेल्या व्यक्तीसाठी हे वजन सुमारे ७० किलो होते. विम्याची दारे त्याच व्यक्तीसाठी मधुमेहासह ९० किलोला आणि अन्य आजार नसल्यास १०२ किलोला उघडतात. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार (२०२३) देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के आहे. त्या तुलनेत हे दार अरुंद आहे.

तारीख पुढे ढकलणे केव्हा योग्य?

साखर सतत २५०-३०० च्या घरात असेल, कीटोन्स आढळले असतील, संसर्ग असेल किंवा औषधे कधी नीट घेतलीच गेली नसतील, तर काही आठवडे थांबण्यात शहाणपण आहे. पण औषधांची शिकस्त करूनही आकडा ८.५ वरून हलत नसेल, तर तीच शस्त्रक्रियेची गरज दाखवणारी बाब ठरू शकते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मधुमेह माघार घेण्याचा अंदाज बांधण्यासाठी चार निकष मांडले : औषधांची संख्या, इन्सुलिनचा वापर, मधुमेहाची वर्षे आणि एचबीए१सी ७ टक्क्यांखाली आहे का. यातील शेवटचा निकष साखर उतरवायला सांगतो आणि तिसरा उशीर करू नका म्हणतो.

त्यामुळे ‘साखर कमी करून या’ एवढे ऐकून रुग्णाने घरी परतू नये. किती कमी, किती आठवड्यांत, कोणत्या औषधाने आणि तोवर नाही उतरली तर पुढे काय, ही चार उत्तरे त्याच भेटीत मागून घ्यावीत. मुदत नसलेली प्रतीक्षा मधुमेहाच्या वयात भर घालते आणि त्याची किंमत शस्त्रक्रियेनंतर मोजावी लागते.