नातीची बाईक आणि इंजिन ऑइल

मोटारसायकलचे ऑइल बदलणे हे बाईमाणसाचे काम नाही, असे माझ्या नात्यातल्या किमान चार जणांचे ठाम मत आहे. त्यातल्या दोघी बायकाच आहेत. माझे मत वेगळे आहे, आणि ते फोनवर प्रत्येकाला निराळे सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते. ही मंडळी माझा ब्लॉग वाचतात हे मला पक्के ठाऊक आहे. (न वाचल्याचे सोंग करतात, ते सोडा!)

तर विषय असा. माझ्या नातीकडे यामाहाची आर-१५ आहे, २०१९ची, सेकंडहँड घेतलेली. ती कोल्हापुरात नोकरी करते, महिन्यातून दोन शनिवार सांगलीला येते आणि गाडीचे पुस्तक सांगेल त्या किलोमीटरला आमच्या अंगणात बसून ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलते. शेजारचे गॅलरीतून बघतात. आमच्या वन्संनी तर विचारले, "काय हो वहिनी, सांगलीतले गॅरेजवाले संपले का?"

संपलेले नाहीत. पहिल्या वर्षी ती एका गॅरेजातच गेली होती. तिथल्या माणसाने "ताई, तुम्ही बसा, चहा घ्या" म्हणून तिला बाहेर बसवले. कुठले ऑइल घालतो आहे ते दाखवले नाही, आणि खालचा बोल्ट असा काही आवळला की पुढच्या खेपेस तो काढताना आतले आटेच बाहेर आले. इंजिनचे कवच ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादी. जोर केला की मऊ धातूचे आटे जातात, हे कुणालाही समजावे. नव्याने आटे पाडून घ्यायला ऑइलच्या कितीतरी पट पैसे गेले. त्यानंतर तिने हे काम शिकून घेतले, आणि माझ्या मते अगदी योग्य केले.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, उभा जन्म शाळेत व्याकरण शिकवले. मला यंत्रातले काय कळणार, असे कुणी म्हणेल. पण आमच्या पिढीतल्या किती घरांत शिवणयंत्र होते आठवा. माझे उषाचे होते. त्याची सगळी भोके मला पाठ होती. बारीक चोचीच्या कुपीतून एकेक थेंब सोडायचा, चाक हाताने फिरवून घ्यायचे, मग फडक्यावर दोन टाके मारून जादा तेल काढून टाकायचे म्हणजे कापडाला डाग नको. मशीन बरेच दिवस बंद राहिले तर तेल चिकट होऊन ते जड चाले, तेव्हा रॉकेलचा थेंब सोडून मोकळे करायचे. हे सगळे बायकाच करीत होत्या. यजमान मंडळींना ते तेल कुठल्या कपाटात असते हेही माहीत नसे. त्या वेळी कुणाला वाटले नाही की यंत्राला हात लावणे हे पुरुषाचे काम आहे!

फरक आहे तो कामाच्या प्रमाणात. शिवणयंत्राचे तेल थेंबाने घालतात आणि विसरून जातात. या बाईकमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल असते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरत राहते. नातीने मला एक हिशेब करून दाखवला, तो मला फार आवडला. या इंजिनात पिस्टन वरून खाली येतो ते अंतर ५८.७ मिलिमीटर. एका फेऱ्यात एकदा खाली, एकदा वर, म्हणजे सुमारे ११७ मिलिमीटर. जास्तीत जास्त ताकद मिळते ती मिनिटाला १०,००० फेऱ्यांना. गुणाकार करा: मिनिटाला ११७० मीटरच्या वर. म्हणजे आपल्या बोटाएवढ्याही लांबीच्या नसलेल्या जागेत तो पिस्टन सरासरी तासाला ७० किलोमीटर वेगाने येरझारा घालतो, आणि दर खेपेला दोन्ही टोकांना थांबून उलटा फिरतो. त्याच्यात आणि नळकांड्यात आहे काय, तर ऑइलचा पापुद्रा.

शिवाय मोटारसायकलचे ऑइल फक्त इंजिनचे नसते. बहुतेक मोटारसायकलींत गिअर आणि क्लच त्याच ऑइलात बुडालेले असतात. मोटारीच्या ऑइलात पुष्कळदा घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. क्लचचे तर कामच मुळी घर्षणावर चालते. तिथे तसले ऑइल गेले की क्लच सटकायला लागतो, इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून जपानी लोकांनी १९९८ साली मोटारसायकलच्या ऑइलासाठी वेगळे मानक ठरवले. डब्यावर 'जासो एमए' असे लिहिलेले असते ते हेच. १०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू हा हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहते त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहते त्याचा. ही एवढी दोन अक्षरे आणि दोन आकडे वाचायला येणे म्हणजे अर्धे काम आले. "सगळी ऑइले सारखीच असतात" म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये, मग तो पुरुष असो की बाई.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन थोडे तापवून घ्यायचे, म्हणजे ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन उतरते. फार तापवले तर हात भाजतो. पोटाखालचे प्लॅस्टिक आधी उतरवावे लागते. (स्पोर्ट बाईकवर हे प्लॅस्टिक म्हणजे नऊवारीच्या निऱ्या! कुठला स्क्रू कुठला, हे लक्षात ठेवण्यात सगळ्यांत जास्त वेळ जातो.) खाली पसरट तसराळे, हातात मोजे, बोल्ट सुटला की काळी धार. फिल्टर असतो गोल झाकणाखाली, कागदाच्या घड्यांचा, करंज्यांच्या डब्यातल्या कागदी वाट्यांची आठवण व्हावी असा. तो बसवताना दिशा चुकली तर ऑइल गाळलेच जात नाही. झाकणाचे रबरी कडे नवे, बोल्टाखालचा वायसर नवा. या दोन वस्तू अगदी स्वस्त असतात, आणि तिथेच लोक काटकसर करतात. नवे ऑइल मोजून ओतायचे, दोनतीन मिनिटे इंजिन चालवायचे, थोडे थांबून सळईवर पातळी बघायची. कमी पडले तर वाईट, पण भसाभस जास्त घातले तरी आत घुसळून फेस होतो. स्वयंपाक येणाऱ्या माणसाला यातले अवघड काय आहे, सांगा.

काळी धार बघून भाऊजी म्हणाले होते, "बघा, किती खराब ऑइल विकतात!" तसे नसते. ऑइलात काजळी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. ती काजळी इंजिनला चिकटू न देता आपल्यात घेतात, म्हणून ऑइल काळे होते. काळे झालेले ऑइल आपले काम करीत होते. आणि काळे झाले म्हणून लगेच बदलायचेही नसते.

राहता राहिला जोराचा मुद्दा. "पोरीच्या जातीला एवढी ताकद कुठून?" त्याचे उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. कुठला बोल्ट किती आवळायचा, याचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. उदाहरणादाखल २० धरा. तो आकडा म्हणजे २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलो ओझे टांगल्याइतका जोर. दहा किलो! एवढ्या गव्हाची पिशवी मी पासष्टीपर्यंत गिरणीत स्वतः नेत होते. ताकदवान हाताने आटे घालवले होते, हे वर सांगितलेच आहे. नातीने मोजून आवळणारा पाना विकत घेतला आहे. ठरलेला जोर आला की तो 'कट्' असा आवाज करतो.

सरसकट सगळ्यांनी हे घरी करावे, असे मी म्हणत नाही. नवी गाडी आहे, वॉरंटी चालू आहे, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी आणि पावती जपून ठेवावी. ज्याला वेळ नाही, आवड नाही, त्यानेही द्यावी. पण आवड आहे आणि कुवत आहे, तर मुलगी आहे म्हणून देऊ नये. तिच्या लग्नाचे बघताना ही गोष्ट सांगू नका, असा सल्ला एकीने मला दिला. मी तर पहिल्यांदा हेच सांगणार आहे. ज्या घराला हे ऐकून धक्का बसेल, त्यांचा आणि आपला दोघांचाही वेळ वाचेल.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. उतरवलेले ऑइल गटारात किंवा मोरीत जाता कामा नये. ते आपल्याकडे २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर वापरलेले ऑइल पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. आमच्याकडे ते नीट झाकणाच्या कॅनमध्ये साठते. कॅन भरला की जुन्या ऑइलचे पिंप ठेवून ते पुढे शुद्धीकरणाला देणारे एक गॅरेज आहे, तिथे नात तो नेऊन देते. भाऊजींनी कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते काळे ऑइल मागितले आहे. खांबांच्या शेजारीच त्यांची विहीर आहे. मिळणार नाही.