कॅम्पिंगसाठी ट्रेलर घ्यायचाय? नाशिकमध्ये आधी जागा ठरवा, मग गाडी

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई-ठाण्याहून इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, गंगापूर धरण हा परिसर आणखी जवळ आला. शनिवार-रविवारी हॉटेलच्या खोलीपेक्षा तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये राहावं, असं वाटणारी कुटुंबंही वाढली आहेत. त्यातून पुढचा प्रश्न येतो: स्वतःचाच ट्रेलर घेऊन तो हंगामभर एका जागी उभा करून ठेवला तर?

अमेरिकेत अशा ट्रेलरला 'डेस्टिनेशन ट्रेलर' म्हणतात. हा ट्रेलर गावोगाव फिरवायचा नसतो. एकदा ओढत नेऊन कॅम्पच्या जागेवर लावला की पूर्ण हंगाम तिथेच राहतो. तिथे हे जमतं, कारण वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा महिन्याच्या भाड्याने मिळते. नाशिकमध्ये खरी अडचण याच जागेची आहे.

सरकारचं धोरण काय आहे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. हॉटेलं नाहीत किंवा पक्कं बांधकाम करता येत नाही, अशा भागांत पर्यटकांची राहण्याची सोय व्हावी, हा त्यामागचा विचार. या धोरणात दोन गोष्टी आहेत: झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅराव्हॅन, आणि ती उभी करण्यासाठी रस्ता, पाणी, वीज असलेलं कॅराव्हॅन पार्क. पार्क सरकारी किंवा खासगी जमिनीवर होऊ शकतं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. हे धोरण मुख्यतः पर्यटन व्यवसायासाठी आहे. स्वतःच्या ट्रेलरला हंगामभर जागा मिळेलच, असं गृहीत धरू नका.

स्वतःची शेतजमीन असली तरी काही प्रश्न उरतातच. शेतजमिनीचा इतर कामासाठी वापर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली येतो. पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे असतील, तर 'याला चाकं आहेत, हे बांधकाम नाही' एवढं म्हणून भागेल असं समजू नका. आधी तहसील कार्यालयात आणि नियोजन प्राधिकरणाकडे चौकशी करा.

गाडीचे नियम कोणते?

• खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हे बिगर-वाहतूक वाहनांच्या गटात येतात. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो.

• जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये बेड-किचन बसवणं स्वस्त वाटतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असा बदल महागात पडू शकतो.

• तुमची गाडी किती वजन ओढू शकते, हे तिच्या माहितीपुस्तिकेत बघा. तिथे आकडा नसेल तर ओढू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे भरलेली टाकी, गॅस सिलिंडर आणि सामान धरून वजन काढा. कसारा घाट उतरताना ट्रेलर मागून ढकलतो, म्हणून त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच.

पाणी आणि विजेचं गणित

शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे, म्हणजे चौघांना ५४० लिटर. ट्रेलरची टाकी १५० लिटरची असेल, तर घरच्यासारख्या वापराने ती दुपारपर्यंत रिकामी होईल. १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवर बॅटरीत जेमतेम १.२ युनिट वीज मावते. दीड टनाचा एसी त्यावर तासभरही चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यात राहायचं असेल, तर पक्की वीजजोडणी असलेली जागाच लागेल.

सर्वात दुर्लक्षित राहतो तो मैला. गंगापूर धरणातून नाशिक शहराला पिण्याचं पाणी जातं. काठावरच्या कॅम्पमध्ये शौचालयाची टाकी ओढ्यात रिकामी केली, तर ती घाण शेवटी शहराच्या पाण्यात येते. त्यामुळे जागा ठरवताना व्यवस्थापकाला थेट विचारा: टाकी कुठे रिकामी करायची? स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर दुसरी जागा बघा.

हंगाम किती, खर्च किती?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला सर्वात सुखाचा काळ. पावसाळ्यात मात्र एकाच जिल्ह्यात दोन टोकं दिसतात. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर इगतपुरीत सुमारे ३ हजार. चार महिने पावसात उभा राहिलेला ट्रेलर म्हणजे गळणारे सांधे, गंज, बुरशी आणि चिखलात रुतलेली चाकं. शेड नसेल तर इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात ट्रेलर ठेवू नये.

आता एक साधा हिशेब. समजा ट्रेलर १५ लाखांचा आहे आणि कुटुंब वर्षाला २० रात्री तिथे राहतं. हेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत असते, तर वर्षाला १ लाख ५ हजार व्याज मिळालं असतं. म्हणजे एका रात्रीचा खर्च ५,२५० रुपये, तोही विमा, दुरुस्ती, जागाभाडं आणि घटणारी किंमत न धरता.

मग करायचं काय?

वर्षाला १५-२० रात्रींपेक्षा कमी जाणार असाल, तर भाड्याची कॅराव्हॅन किंवा पक्क्या शौचालयाची सोय असलेला तंबू परवडतो. गंगापूर धरणाजवळ एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्टही आहे. ट्रेलर घ्यायचाच असेल, तर आधी एक हिवाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहून बघा. स्वतःची जमीन, शेड, वीजजोडणी आणि सेप्टिक टँक या चारही गोष्टी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनीच खरेदीचा विचार करावा. यातली एकही नसेल, तर त्या सोयीचा खर्च ट्रेलरच्या किमतीत धरा आणि मग पुन्हा हिशेब करा.