हौस आणि हत्यार

आमच्या स्वयंपाकघरात एक पोळपाट आहे. तो गोल आहे असे मी म्हणतो, सौ. म्हणते, तो गोल होता होता राहिला आहे. त्याला तीन पाय असल्यामुळे तो डुगडुगत नाही, एवढे एक श्रेय भूमितीला द्यावे लागेल. परंतु पाय सारख्या उंचीचे नसल्याने लाटता लाटता पोळी आपोआप दक्षिणेकडे सरकते. तरीही हा पोळपाट मी कोणाला देणार नाही. वीस वर्षे मराठी शिकवताना मी शब्दांवाचून दुसरे काही घडवले नव्हते. हातांनी घडवलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली वस्तू.

ती घडली आमच्या गावच्या सुतारमंडळात. 'सुतारमंडळ' हे नाव कोणी ठेवले नाही, ते पडले. रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी काही पांढरपेशी माणसे एका जुन्या वखारीत जमतात आणि अंगावर भुसा घेऊन घरी परततात, हे गावाने पाहिले आणि नाव देऊन टाकले.

या मंडळाचा जन्म वादळातून झाला. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर. टाळेबंदीमुळे माणसे घरात होती. छपरे मात्र घरावर राहिली नाहीत. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या श्रीवर्धनच्या बाजूच्या वाड्या दोन तासांत आडव्या झाल्या. पोफळी मोडल्या, माड उन्मळले, किनाऱ्यावरचे सुरू काडीसारखे पडले. आमच्या परसातला आजोबांनी लावलेला फणस आणि एक रायवळ आंबा, दोघेही विहिरीच्या कठड्यावर डोके ठेवून निजले होते.

पुढे आठवडाभर गावात एकच आवाज होता, यंत्राच्या करवतीचा. वाटा मोकळ्या करणे आधी भाग होते. पडलेले लाकूड जळणाच्या भावाने जात होते. आमचा फणस कापायला माणसे आली, तेव्हा शेजारच्या आळीतले एक वृद्ध सुतार येऊन त्या ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "हे जाळायचं लाकूड नाही, सर." सारा गाव त्यांना काका म्हणतो, म्हणून मीही काकाच म्हणतो. तरुणपणी त्यांनी होड्यांवर काम केले, पुढे घरांचे वासे आणि दारे केली. मग फायबरच्या होड्या आल्या, तयार दारे आली, मुलगा पनवेलला नोकरीला लागला, आणि काकांची हत्यारपेटी खाटेखाली गेली. त्या दिवशी ते ओंडक्यावरून उठले नाहीत, म्हणूनच पुढचे सारे घडले.

फणस, आंबा आणि शेजाऱ्यांच्या वाड्यांतले आणखी सात-आठ ओंडके हिवाळ्यात गिरणीवर चिरून आणले. एका स्नेह्यांची भाताची वखार रिकामी होती. तिच्यावर नवे पत्रे घालण्याच्या बोलीवर ती आम्हाला मिळाली. २०२१ च्या सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो: मी, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, एक पोस्टमन, दवाखान्यातल्या परिचारिका, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि महाविद्यालयातली काही मुले. वर्गणी महिना शंभर रुपये. बँकेच्या साहेबांनी मुंबईहून असा रंधा आणला होता की, तो लाकडाला लावायचा की देव्हाऱ्यात ठेवायचा, असा प्रश्न पडावा. काकांनी तो हातात घेतला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "छान आहे. आता याला धार लावू."

नव्या हत्यारालाही धार लावावी लागते, हा आमचा पहिला धडा. पहिले पंधरा दिवस आम्ही लाकडाला हात लावला नाही. दगडावर पाणी घालून पटाशी घासायची, कोन साधारण पंचवीस अंशांचा राखायचा, मागची बाजू आरशासारखी सपाट करायची. धार आली की नाही हे कागदावर पाहायचे. उत्तरपत्रिकांचे कोरे कागद माझ्यापाशी भरपूर होते. इतका उपयोग त्यांचा क्वचितच झाला असेल.

सामाईक हत्यारशाळा चालवणे म्हणजे एकत्र कुटुंब चालवणे. भांडण कधीही मोठ्या गोष्टीवरून होत नाही. करवत कोणी ओली ठेवली, गिरमिटाचे पाते कोणी बोथट केले, शेगडा कोणी अडवून ठेवला, यावरून होते. शेवटी शाळेतल्या बाईंनी उपाय काढला. भिंतीवर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात आकृती रंगवली. रंध्याच्या जागी रंध्याची सावली, हातोडीच्या जागी हातोडीची. संध्याकाळी जिथे नुसती सावली दिसेल, तिथले हत्यार हरवले असे समजावे. चोरीचा संशय आणि त्यावरची कुजबुज दोन्ही या एका युक्तीने थांबली. बाकीचे नियम काकांचे. जो धार मोडील त्याने ती लावूनच हत्यार परत ठेवावे. खाऱ्या हवेत लोखंड रात्रीतून गंजते, म्हणून उठण्यापूर्वी पात्यावर तेलाचा हात फिरवावा. करवत चालवणाऱ्याशी कोणी बोलू नये, त्याचा मुलगा पहिला आला असला तरी.

फळ्यांच्या बाबतीत काकांचा नियम आणखी कडक होता. ओले लाकूड वाळताना आखडते. लांबीला फारसे नाही, पण रुंदीला चांगलेच. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत साधारण वर्ष द्यावे, असा जुना हिशेब आहे. आमच्या फळ्या दीड इंचाच्या होत्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवला, टोके लवकर तडकू नयेत म्हणून त्यांवर रंग फासला, आणि काकांनी सांगितले, "पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत हात लावू नका." तोवर जुन्या मोडक्या पलंगांच्या आणि दारांच्या लाकडावर शिका, म्हणाले. माझा पोळपाट हा मूळचा एका कपाटाचा तळ होय.

खिळ्याचेही त्यांना वावडे. होडीला खिळा चालतो, पाटाला चालत नाही. एका लाकडाला कुसू काढायचे, दुसऱ्याला त्याच मापाची खाच पाडायची, आणि दोन्ही अशी बसवायची की बोटाने ढकलता येऊ नये आणि हातोडीने फुटू नये. मी त्यांना अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची हकीकत सांगितली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. आणि इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले. काका ऐकून म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, हे सरकारला तेव्हाच कळलं म्हणायचं." कारण वेगळे होते, हे मी पुष्कळ समजावले. त्यांनी मान डोलावली, पण मत बदलले नाही.

अशा सामाईक कार्यशाळा जगात काही नव्या नाहीत. ऑस्ट्रेलियात निवृत्त पुरुषांचा एकटेपणा घालवण्यासाठी गावोगाव अशा शेड चालतात. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो मुलांनी हाताने काम करता करता शिकावे म्हणून. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला होता. हे सारे मी उद्घाटनाच्या भाषणात सांगितले होते. जे सांगायला हवे होते ते मात्र मलाच ठाऊक नव्हते. ते पुढे बाकांनी शिकवले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जवळच्या एका शाळेला बारा बाके हवी होती. शाळा वादळात सापडलेली, पैसा थोडा. आम्हाला सहा महिन्यांची विद्या झालेली, म्हणजे उत्साह पराकोटीचा. "लाकूड आमचे, मजुरी नको," असे आम्ही मोठ्या मनाने सांगून टाकले. फळ्या अजून कच्च्या आहेत, असे काका एकदाच म्हणाले. आम्ही ऐकले नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी बाके शाळेत पोचली, सत्कार झाला, नारळ मिळाले, मी भाषण केले. दुसऱ्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आम्हाला वाटले, वय झाले, पाऊस आहे, गुडघे दुखत असतील.

जानेवारीत शाळेतून निरोप आला. एका बाकाचा पाय निखळून एक मुलगी पडली होती. लागले नव्हते, पण लागू शकले असते. जाऊन पाहिले तर बारापैकी पाच बाके खिळखिळी. लाकूड वाळले होते, कुसू आखडले होते आणि खाचेत सैल झाले होते. एखाद्या विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर मोत्यासारख्या अक्षरात लिहावे, तसे आमचे काम वरून सुबक दिसत होते.

त्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो. ओसरीवर त्यांचा पुतण्या एका खिडकीची चौकट रंधत होता. काकांनी चहा दिला, बाकांचे सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ती बाकं आधी याला सांगितली होती, सर. भावही ठरला होता. मग तुम्ही फुकट करून दिलीत."

मला शब्द सुचेना. शब्दांचाच व्यवसाय असलेल्या माणसाला हे विशेष जाणवते.

"तुमची हौस आहे," ते म्हणाले. "हौसेला मजुरी लागत नाही. याच्या घरात लागते."

मी वर्गात त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' शिकवतो. १९१५ च्या त्या पुस्तकातले बलुतेदार मला परीक्षेपुरते पाठ आहेत. सुताराने वर्षभर औतफाटा नीट ठेवायचा आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यायचा. तो वाटा दान नव्हे, हक्क, हे मी मुलांना खडू आपटून सांगत आलो. आणि त्याच काकांकडून विद्या घेऊन, त्यांच्याच घरच्या खळ्यावरचे धान्य आम्ही लोकांना फुकट वाटून आलो होतो. बोथट झालेली धार प्रत्येकाने आपली आपण लावायची, हा नियम आम्ही पटाशीपुरताच समजलो होतो.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली आणि ती बरीच तापली. बँकेच्या साहेबांचे म्हणणे असे की, समाजकार्य करायला बंदी कशी घालता येईल? त्यात तथ्य नव्हते असे नाही. शाळा खरोखरच गरीब होती. त्यावर परिचारिका म्हणाल्या, "उद्या कोणी हौशी माणूस फुकट इंजेक्शनं देऊ लागला, तर तुम्ही घ्याल?" साहेब हसले, आणि वहीत नियम लिहिला गेला: सभासदाने घरासाठी, भेटीसाठी, शिकण्यासाठी काय हवे ते करावे. गावातले जे काम मजुरीचे असेल ते मजुरी घेणाऱ्याचे. एखाद्या संस्थेपाशी पैसे नसतील, तर मंडळाने वर्गणी काढून मजुरी द्यावी. स्वतः काम करून ती बुडवू नये.

पहिला अंमल बाकांवरच झाला. मंडळाच्या शिलकीतून दुरुस्तीची पूर्ण मजुरी ठरली. काका आणि पुतण्या दोघे आले, आम्ही हाताखाली. त्यांनी सारे सांधे ठोकून मोकळे केले, कुसवांच्या टोकांना चीर दिली आणि तीत सुक्या लाकडाची पाचर बसवली. पाचर आत जाते तसे कुसू फुलते आणि खाचेत घट्ट धरून बसते. मराठीत पाचर मारणारा माणूस वाईट. दुसऱ्याच्या चाललेल्या कामात विघ्न आणणारा. हा वाक्प्रचार मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहिला, पण दोन लाकडांचा सैल पडलेला सांधा जोडून ठेवते तीही पाचरच, हे वखारीत जमिनीवर बसून पाहावे लागले.

काम संपल्यावर मी पैशांचे पाकीट काकांपुढे केले. ते "राहू द्या हो" म्हणतील की काय, अशी मला धास्ती होती. त्यांनी पाकीट उघडले, आमच्यासमोर नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि पुतण्याच्या हातात दिल्या. मग हत्यारे पुसली, पात्यांवर तेलाचा हात फिरवला आणि भिंतीवरच्या आपापल्या सावलीवर अडकवली.

आता मंडळात एकोणीस जण आहेत. फणसाच्या फळ्या पुऱ्या वाळल्या असून त्यांचा रंग मधासारखा झाला आहे. या दिवाळीला त्यांचा एक पाट करावा, असा माझा बेत आहे. सौ.ने एवढेच सांगितले आहे की, तो आधी काकांना दाखवावा आणि मग घरात आणावा.