वस्तीची समिती कोणाची?

२ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना जन्मास आला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. सार्वजनिक क्षेत्राच्या या कारखान्याने कायम कामगारांना घर, शाळा व इस्पितळ दिले. ही निःसंशय मोठी उपलब्धी होती. परंतु ठेक्यावरील मजुरांच्या वाट्याला कॅम्प, खुर्सीपार यांसारख्या वस्त्या आल्या. कायम कामगार जे युनियनमार्फत हक्क म्हणून मागतो, तेच वस्तीतील मजुरास योजनेची कृपा म्हणून स्वीकारावे लागते.

वस्तीतील संघटनेचे स्वरूप या भेदातूनच घडते. तत्कालीन मध्य प्रदेशात १९८४ च्या कायद्याने शहरातील भूमिहीनांना ते राहत असलेल्या जागेचे पट्टे देण्याची तरतूद झाली, तेव्हा रहिवाशांच्या एकजुटीला कायद्याचा आधार लाभला. याउलट १९९७ च्या स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेने व २०१३ पासून तिची जागा घेणाऱ्या उपजीविका अभियानाने शेजारगट, बचतगट व त्यांचे संघ यांची उतरंड सरकारी आराखड्यानुसार रचली. या गटांतून स्त्रिया हिशेब व बँकव्यवहार शिकल्या. हे कमी लेखण्याचे कारण नाही. पण बचतगट सभासदांपुरता असतो, तर गटार व नळ साऱ्या वस्तीचे असतात. ज्या समितीचे अस्तित्व अनुदानावर अवलंबून असते, ती अधिकाऱ्याला जाब कसा विचारणार?

याच कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे खाणमजुरांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद इस्पितळ उभारले. त्यांची संघटना कोणत्याही योजनेचे अपत्य नव्हती; म्हणूनच ती सेवा करू शकली आणि संघर्षही.

अर्थात मजुरांच्या पुढाकाराने शासनाचे उत्तरदायित्व संपत नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. मात्र त्यांची रचना राज्यांवर सोपवून रहिवाशांनी सदस्य निवडण्याचे बंधन घातले नाही. तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे: समिती वस्तीने निवडावी, निधीचा हिशेब वस्तीसमोर मांडावा आणि पाणी, निवारा व आरोग्य यांना कायदेशीर हक्काचा दर्जा मिळावा. याचकांच्या समित्या पुष्कळ झाल्या. आता नागरिकांच्या संघटना हव्यात.