लस संगणकावर, दंड आपला

साडीचं डिझाइन आधी कुठे तयार होतं? मागावर तर नाहीच. आधी ते कागदावर उतरतं, आणि हल्ली संगणकाच्या पडद्यावर. मग त्याप्रमाणे जॅकार्डची भोकं पाडलेली कार्डं होतात आणि त्यानंतर धागा हलतो. भिवंडीत जास्त विणलं जातं ते साधं ग्रे कापड, तरी जॅकार्ड म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मैत्रिणींनो, लशीचंही आता असंच होऊ लागलंय. आधी डिझाइन संगणकावर, मग प्रयोगशाळा, मग उंदीर आणि शेवटी माणूस. करोनाच्या साथीत हे शब्द कानांवरून गेले, पण तेव्हा बेड आणि ऑक्सिजनच्या धावपळीत ते समजून घ्यायला कुणाला उसंत होती? आता जरा शांतपणे बघू या. कारण यातला एक महत्त्वाचा धागा चक्क आपल्या पुण्यातला आहे.

गोष्ट 1990 सालची. पुणे विद्यापीठात डॉ. अशोक कोळसकर आणि प्रसाद टोणगावकर एका प्रश्नाच्या मागे लागले होते. विषाणूच्या अंगावरची प्रथिनं म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. मणी वीसच प्रकारचे, पण ओवण्याचा क्रम प्रत्येक माळेत वेगळा. करोनाच्या ज्या काट्याची चित्रं आपण टीव्हीवर पाहून पाहून कंटाळलो, त्या काट्याच्या माळेत 1273 मणी असतात. आपल्या शरीराची संरक्षक फौज ही आख्खी माळ ओळखत बसत नाही. ती काही ठरावीक तुकडे हेरते आणि त्यांच्यावर प्रतिपिंडं सोडते. मग लस करायची तर हे तुकडे नेमके कोणते, ते कसं ओळखायचं? एकेक तुकडा प्रयोगशाळेत तपासायचा म्हटलं तर वर्षं जातात.

या दोघांनी काय केलं, तर जगभरात प्रयोगांनी सिद्ध झालेले असे तुकडे गोळा केले. त्यांत कोणते मणी पुन्हा पुन्हा येतात ते मोजलं, मण्यांचे गुणधर्म त्याला जोडले आणि एक हिशेब बसवला. कुठल्याही प्रथिनाची माळ त्या हिशेबात घाला, शरीर कुठला भाग हेरण्याची शक्यता जास्त ते कळतं. अचूकता साधारण 75 टक्के. हे काम ज्या काळातल्या संगणकांवर झालं, ते आजच्या आपल्या मोबाइलपुढे खेळणीच म्हणायचे! पण हिशेब टिकला. 2020 मध्ये करोनाच्या माळेचा क्रम जाहीर झाल्यावर देशोदेशींच्या अभ्यासकांनी तो ज्या सूत्रांत घालून पाहिला, त्यांत ‘कोळसकर-टोणगावकर’ हे नाव ठळक होतं.

पुढचं पाऊलही पुण्यातच पडलं. माळ सरळ थोडीच राहते? ती गुंडाळली जाते, तिच्या गाठी पडतात, आणि माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी शेजारी येऊन बसतात. शरीर बऱ्याचदा अशी जुळून आलेली जागाच ओळखतं. डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी कोळसकरांबरोबर मेंदूज्वराच्या, म्हणजे जपानी एन्सेफलायटिसच्या विषाणूवर हेच काम केलं. त्याच्या प्रथिनाचा त्रिमितीय आकार संगणकावर उभा केला आणि त्यावर अशा जागा शोधल्या. हा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2005 मध्ये अशा जागा शोधून देणारी सोय त्यांच्या गटाने इंटरनेटवर खुली केली. ‘बायोइन्फॉर्मेटिक्स’ हा शब्द आपल्याकडे फारसा कुणी उच्चारतही नव्हतं, तेव्हापासून ही मंडळी या कामात होती. आपल्या वर्तमानपत्रांतून त्यांच्याबद्दल किती आलं, हे विचारू नये.

बाहेरच्या जगात आकाराच्या या अभ्यासाने मोठी मजल मारली. करोनाचा काटा पेशीला चिकटताना आपला आकार बदलतो, जणू मिटलेली छत्री फटकन उघडावी. शरीराला ओळख करून द्यायची ती मिटलेल्या छत्रीची, कारण विषाणू आत शिरण्याआधी तीच समोर असते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मर्स नावाच्या आधीच्या करोना विषाणूवर काम करताना एक युक्ती शोधून ठेवली होती. माळेतले दोनच मणी बदलले की छत्री मिटलेलीच राहते. त्यामुळे नव्या विषाणूचा क्रम जानेवारी 2020 मध्ये हाती आला आणि दोन-तीन दिवसांत मॉडर्नाच्या लशीचं डिझाइन पक्कं झालं. 16 मार्चला पहिल्या स्वयंसेविकेला ती टोचलीही. पुण्याच्या सीरममध्ये तयार झालेल्या कोवोव्हॅक्समध्ये हीच मण्यांची युक्ती आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी घेतलेल्या कोविशिल्डमध्ये मात्र ती नाही, तिची घडण वेगळी.

याच्याही पुढे गेले ते अमेरिकेतले डेव्हिड बेकर आणि त्यांचे सहकारी. निसर्गात नसलेलं प्रथिनच त्यांनी संगणकावर रचलं, एक इवलासा गोळा, आणि त्यावर करोनाच्या काट्याचे तुकडे टाचणीसारखे खोचले. ती लस दक्षिण कोरियाने जून 2022 मध्ये मंजूर केली. बेकर यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते प्रथिनं रचण्याच्या याच विद्येसाठी. लशीचं नशीब मात्र तसं नव्हतं. ती आली तोवर लोकांनी दुसऱ्या लशी टोचून घेतल्या होत्या. मागणी नाही म्हणून त्याच वर्षी उत्पादन थांबवावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मग पुढची साथ आली की दोन दिवसांत लस तयार! इथेच थांबायला हवं. 75 टक्के अचूक याचा अर्थ चारात एक अंदाज चुकणार. 2020 मध्ये ‘आम्ही संगणकावर लस तयार केली’ असं सांगणाऱ्या शोधनिबंधांचा नुसता पूर आला होता. त्यातल्या बहुतेक लशी संगणकातून कधी बाहेरच आल्या नाहीत. उंदराला टोचल्याशिवाय आणि माणसांवर चाचणी झाल्याशिवाय डिझाइन म्हणजे नुसती रांगोळीची वही.

आणि चाचणीत कोण असतं, कोण नसतं? हा प्रश्न या पानावर विचारायलाच हवा. आपल्याकडे लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. गरोदर बायकांना लस घ्यायची परवानगी मिळाली 2 जुलैला. मधले साडेपाच महिने, आणि त्यातच ती भयंकर दुसरी लाट. कारण काय, तर सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर बायकांना घेतलेलंच नव्हतं, त्यामुळे माहिती नव्हती. पाळीचंही तेच. दंड दुखला का, ताप आला का, हे सगळं विचारलं गेलं. पाळी पुढे गेली का, हे कुणी विचारलं नाही. बायका आपसात बोलू लागल्या, तेव्हा कुठे अभ्यास झाला. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून कळलं की फरक सरासरी एका दिवसाहूनही कमी आणि तात्पुरता. हे आधी विचारलं असतं, तर ‘लस घेतली की मूल होत नाही’ या अफवेला उत्तर द्यायला आशाताईंच्या हातात काहीतरी असतं.

त्या अफवेने भिवंडीत काय केलं ते आपण पाहिलं. 2021 च्या अखेरीस लसीकरणात मागे पडलेल्या शहरांत मालेगावबरोबर आपलं नाव येत होतं. पण सगळा दोष अफवेवर टाकणं मला पटत नाही. बारा तासांची पाळी करणाऱ्या कारागिराला ताप आला की दिवसाचा पगार गेला. कांड्या भरणाऱ्या बाईचंही तेच, शिवाय घरी आल्यावर चूल आहेच. 2020 च्या मे महिन्यात इथून श्रमिक गाडीत बसून गोरखपूरकडे गेलेल्या माणसांना सरकारी कॅम्पबद्दल एकदम भरवसा कुठून वाटावा? 2022 मध्ये भिवंडीत गोवराची साथ आली. गोवराच्या लशीत नवं काही शोधायचं नव्हतं, ती देशात कित्येक दशकं फुकट मिळते आहे. मुलं तिच्याशिवाय राहिली होती.

म्हणून पुढच्या लशींबद्दल वाचताना मी आधी दोन गोष्टी बघते. ती किती थंडीत ठेवावी लागते, ही पहिली. पुण्याच्याच जेनोव्हाने केलेली एमआरएनए लस साध्या फ्रिजच्या 2 ते 8 अंशांत राहते, तिला 2022 मध्ये मंजुरी मिळाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले डॉ. राघवन वरदराजन यांचा गट तर 37 अंशांत महिनाभर टिकेल अशी लस रचण्यामागे लागला. वीज गेली की भिवंडीत माग थांबतात आणि फ्रिजही थांबतो, तेव्हा ही गोष्ट छोटी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, एकच लस अनेक करोना विषाणूंवर चालेल का? 2003 मध्ये सार्स, 2012 मध्ये मर्स, 2019 मध्ये कोविड. वीस वर्षांच्या आत तीन. सगळ्यांच्या माळांत सारखे राहणारे तुकडे कोणते, हे संगणकावर शोधायचं काम बऱ्याच ठिकाणी चाललंय.

आणि ते कोळसकर-टोणगावकर सूत्र? तेही इंटरनेटवर फुकट आहे. घरात बी.एस्सी.ला असलेली मुलगी असेल तर तिला सांगा, काट्याच्या माळेची अक्षरं त्यात टाकून बघ. आलेख लगेच उमटतो.