उद्घाटनाचा सामना कोणाचा?

जागतिक फुटबॉल स्पर्धेचा उद्घाटनाचा सामना जवळ आला की आपल्या वृत्तपत्रांची क्रीडापाने एका ठरावीक साच्यातून बाहेर पडू लागतात. कोणत्या संघाची बचावफळी भक्कम आहे, कोणाचा आघाडीचा खेळाडू दुखापतीतून सावरला आहे, कोणत्या प्रशिक्षकाने कोणती व्यूहरचना आखली आहे, याची चर्चा सुरू होते. 2026 च्या विश्वचषकाचा पहिला सामना 11 जूनला मेक्सिको सिटीतील अझ्टेका मैदानावर मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात ठरविण्यात आला. याच दोन संघांनी 11 जून 2010 रोजी जोहान्सबर्गच्या उद्घाटनाच्या सामन्यात 1-1 अशी बरोबरी साधली होती, हा योगायोगही अशा लेखनाला आयताच लाभला. या चर्चेचा प्रस्तुत लेखकाला तिटकारा नाही. खेळावर प्रेम करणारा माणूस सामन्याचे भाकीत करणारच. परंतु भाकितांच्या या गर्दीत एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. हे उद्घाटन नेमके कशाचे असते, आणि ते कोणासाठी असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मेक्सिकोपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच मिळते.

6 ऑक्टोबर 2017 रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेला भारतात प्रारंभ झाला. फिफाच्या कोणत्याही स्पर्धेत भारतीय संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी दिल्लीत दोन आणि नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात दोन सामने झाले. नेरूळला न्यूझीलंड व तुर्कस्तान यांची 1-1 अशी बरोबरी झाली आणि नंतरच्या सामन्यात पॅराग्वेने मालीला 3-2 असे हरविले. आमच्या गृहसंस्थेतील दोन शाळकरी मुलांना घेऊन प्रस्तुत लेखक डोंबिवलीहून ठाण्याला आणि तेथून ट्रान्सहार्बर मार्गाने नेरूळला गेला होता. तिकीट आवाक्यातले होते, व्यवस्था चोख होती आणि मैदानावरील हिरवळ पाहून त्या दोघांचे डोळे विस्फारले होते. हा आनंद खोटा होता असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. त्या स्पर्धेला देशभरात 13 लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. या वयोगटाच्या विश्वचषकातील तो उच्चांक होता.

स्पर्धेपूर्वी तीनच आठवडे, 15 सप्टेंबर 2017 रोजी, राज्य शासनाने दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम योजिला होता. शाळांमधून चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. महाराष्ट्रात फुटबॉलची नवी पहाट उगवली, असा एकंदर सूर होता. चेंडू दिला, हे उत्तमच झाले. परंतु चेंडू हा फुटबॉलचा सर्वांत स्वस्त भाग आहे. महाग असते ती जमीन, आणि जमिनीविषयी त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही.

नेरूळहून परतलेल्या त्या दोन मुलांनी दुसऱ्याच दिवशी चेंडू घेऊन जवळचे मैदान गाठले. तेथे दिवाळीनिमित्त भरणाऱ्या विक्री-प्रदर्शनाच्या मांडवासाठी बांबू रोवण्याचे काम चालले होते. मांडव उतरला तेव्हा मैदानात खड्डे, खिळे आणि सुतळीची भेंडोळी उरली. मुले इमारतीच्या वाहनतळात खेळू लागली. एका मोटारीची काच फुटली. गृहसंस्थेने 'खेळण्यास सक्त मनाई' असा फलक लावला. विश्वचषकाच्या उद्घाटनापासून त्या फलकापर्यंतचा प्रवास जेमतेम सहा आठवड्यांचा होता.

त्याच सुमारास घडलेली आणखी एक घटना विसरता येत नाही. उद्घाटनाच्या बरोबर एक आठवडा आधी, शुक्रवार 29 सप्टेंबर 2017 रोजी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मरण पावली. एका शुक्रवारी चाकरमान्यांना जिना उतरण्यापुरती जागा मिळाली नाही आणि पुढच्या शुक्रवारी आपण जगाला हिरवळ दाखविली. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असे कोणी म्हणेल. मला तो दिसतो. डोंबिवलीचा कामगार किंवा कारकून सकाळी सहा-सातला घर सोडतो आणि रात्री आठ-नऊला परततो. आपल्या मुलाला दूरच्या, शुल्क घेणाऱ्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन आणण्यास त्याच्याजवळ पैसाही नाही आणि वेळ तर मुळीच नाही. त्याच्या मुलाचा खेळ घरापासून पायी पोहोचण्याजोग्या मैदानावर होईल, अन्यथा होणारच नाही. मैदानाचा प्रश्न हा अशा रीतीने श्रमिकांच्या वेळेचा प्रश्न आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे पाहू. पहिले म्हणणे असे की, नेरूळचे क्रीडागार खासगी आहे, तेव्हा सार्वजनिक पैशाचा प्रश्नच कोठे येतो? हे वरवर पाहता पटण्याजोगे आहे. परंतु क्रीडागार खासगी असले तरी स्पर्धेसाठी रस्ते, बंदोबस्त, स्वच्छता आणि सरावाची मैदाने यांची सिद्धता सार्वजनिक यंत्रणाच करीत होत्या. नेरूळचेच यशवंतराव चव्हाण मैदान महापालिकेने सरावासाठी तयार केले. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, पुरावा म्हणून सांगतो. परदेशी पाहुणे येणार म्हटल्यावर महापालिकेला उत्तम मैदान करता येते. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रणा आहे, पैसाही उभा राहतो. उणीव असते ती इच्छेची. आणि ही इच्छा पाहुण्यांसाठी जागी होते, रहिवाशांसाठी निजते.

दुसरे म्हणणे असे की, शहरात जमीनच उरलेली नाही. हे तर धादांत असत्य आहे. विकास योजनेच्या नकाशावर खेळाच्या मैदानांसाठी जमीन राखून ठेवलेली असते. ती जाते कोठे, हे समजण्यासाठी 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम वाचावा. त्यातील कलम 127 चा आशय असा की, अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदीची सूचना बजावू शकतो, आणि त्यानंतरच्या विहित मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाला अनंत काळ ताटकळत ठेवू नये, हा या कलमाचा हेतू न्याय्य आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच उरतो की महापालिकेने काहीच केले नाही तरी मैदान नाहीसे होते. कोणाला लाच द्यावी लागत नाही, कोणाला दंडेली करावी लागत नाही. केवळ स्वस्थ बसणे पुरते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर मैदानाला उपयोगमूल्य अपार असते आणि विनिमयमूल्य शून्य. आरक्षण उठले की त्याच क्षणी हे गणित उलटे होते. स्वस्थ बसण्यात इतका नफा ज्या व्यवस्थेत आहे, तेथे आळस हा निव्वळ आळस राहत नाही, ते एक धोरण होते.

2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 12 लाखांच्या वर होती आणि ठाणे शहराची 18 लाखांच्या. एवढ्या वस्तीत मैदानांची नावे मात्र बोटांवर मोजता येतात. कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे भागशाळा मैदान, ठाण्याचे गावदेवी मैदान ही नावे घेताना जुन्या रहिवाशाचा कंठ दाटून येतो. त्यातील गावदेवी मैदानाच्या पोटात तर मोटारींसाठी भूमिगत वाहनतळ बांधला गेला. मैदान वर जसेच्या तसे आहे, असे सांगितले जाते. असेल, पण स्थानकाजवळचे मैदान दिसताच प्रथम मोटार आठवावी आणि मग मूल, हा क्रम पुरेसा बोलका आहे. शिवाय ज्या काळात असे निर्णय राबविले जात होते, त्या काळात कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून पुढे काही वर्षे निवडून आलेली महासभाच नव्हती. प्रशासकांचे राज्य होते. मैदान गेले तर जाब कोणाला विचारायचा, हेही लोकांना ठाऊक नव्हते.

तिसरे म्हणणे असे की, सार्वजनिक मैदान नसले तरी खासगी 'टर्फ' आहेत. कृत्रिम गवत, जाळी, रात्रीचे दिवे, आणि तासावर भाडे! वर्गणी काढू शकणारी मुले तेथे खेळतात. ज्याची वर्गणी नाही तो जाळीबाहेर उभा राहून पाहतो. आणि मुलींचे काय? नेरूळच्याच क्रीडागारात 20 जानेवारी 2022 रोजी महिलांच्या आशियाई चषकातील भारताचा पहिला सामना इराणशी झाला व गोलशून्य बरोबरीत सुटला. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तेथेच झाला. एका वर्षात एवढे सोहळे पाहिलेल्या जिल्ह्यात किती मुली संध्याकाळी चेंडू घेऊन निर्धास्तपणे बाहेर पडू शकतात, हे वाचकांनी आपल्याच गल्लीत पाहावे. जागा कमी पडली की प्रथम मुलींना घरी पाठविले जाते.

मग खेळाडू घडतात कोठे? 2017 च्या भारतीय संघातील 21 खेळाडूंपैकी आठ एकट्या मणिपूरचे होते. महाराष्ट्रात घडलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. हा अपघात नव्हे. कोल्हापुरात 1940 पासून कार्यरत असलेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, शाहू स्टेडियम आहे आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांसारख्या पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत. तेथील फुटबॉलमध्ये हुल्लडबाजी आहे, ईर्ष्या आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तेथे फुटबॉल पेठेच्या मालकीचा आहे. आमच्याकडे तो तिकिटाच्या किंवा तासाच्या मालकीचा झाला.

परदेशांचा अनुभवही वेगळा नाही. ब्राझीलमध्ये फुटबॉल म्हणजे धर्मच, असे आपण ऐकत आलो. त्याच ब्राझीलमध्ये जून 2013 मध्ये साओ पावलोतील बसभाड्याच्या 20 सेंटाव्हो वाढीवरून आंदोलन पेटले आणि देशभर पसरले. क्रीडागारे फिफाच्या दर्जाची होतात, तर रुग्णालये आणि शाळा त्या दर्जाच्या का नकोत, असे लोक विचारीत होते. भाडेवाढ मागे घ्यावी लागली. पण पुढल्या वर्षी मनौससारख्या शहरात भव्य क्रीडागार उभे राहिलेच आणि विश्वचषकाचे अवघे चार सामने तेथे झाले. फिफाने मात्र 2019 ते 2022 या चार वर्षांत साडेसात अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. यजमानांकडून करसवलतींची हमी घेणाऱ्या या संस्थेचा नफा आंतरराष्ट्रीय असतो, तोटा तेवढा स्थानिक असतो.

येथे स्वकीयांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आपल्या चळवळीतील अनेक मित्र खेळाला करमणूक समजून बाजूला सारतात. भाववाढ, बेकारी, रेशन हे खरे प्रश्न आणि मैदान म्हणजे मध्यमवर्गीय हौस, अशी त्यांची समजूत. ज्या चळवळीने राष्ट्र सेवा दलाच्या शाखा संध्याकाळच्या मैदानांवर भरविल्या, तिने हे विसरावे याचे नवल वाटते. वेगवेगळ्या जातींची मुले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून प्रथम खेळातच उभी राहिली. मैदान गेले की ती जागाही जाते, आणि मोकळ्या राहिलेल्या संध्याकाळी कोण येऊन मुलांना गोळा करते, हे आपण गेली काही दशके पाहतच आहोत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक महापालिकेने विकास योजनेतील खेळाच्या मैदानांची यादी, क्षेत्रफळ, संपादनाची स्थिती आणि दहा वर्षांची मुदत केव्हा संपते ती तारीख प्रभागवार जाहीर करावी. मुदत संपत आलेल्या आरक्षणांसाठी अंदाजपत्रकात प्रथम तरतूद व्हावी, सुशोभीकरण व कमानी नंतर. खेळाव्यतिरिक्त अन्य कामांसाठी मैदान किती दिवस दिले, कोणाला दिले आणि भाडे किती आले, याचा फलक त्याच मैदानाच्या दारावर लागावा. मुलींसाठी राखीव वेळ, दिवे आणि स्वच्छतागृह यांविना कोणतेही मैदान पूर्ण झाले असे मानू नये. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. अंमलबजावणीस लागलो की त्या किती क्रांतिकारक आहेत हे आपोआप कळेल.

त्या दोन मुलांपैकी एक आता नोकरीला लागला आहे आणि रोज सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर दारात लटकण्याइतकी जागा शोधतो. फुटबॉल तो अजून पाहतो, मोबाइलवर, गाडीच्या गर्दीत. विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात कोण जिंकेल, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, "ते सांगणे मला जमणार नाही. पण तुझ्या धाकट्या बहिणीला खेळायला मैदान कोठे आहे, ते तू मला सांग." त्याला सांगता आले नाही. हे उत्तर ज्या दिवशी या जिल्ह्यातील प्रत्येक मुलामुलीला देता येईल, त्या दिवशी आपल्याकडे फुटबॉलचे खरे उद्घाटन होईल.